फुलं उघडणारे हात

हल्ली कुठल्याही साखरपुड्याला किंवा रिसेप्शनला जा. स्टेजवर, एन्ट्रीला, केकच्या टेबलावर बशीएवढी गुबगुबीत फुलं दिसतातच. शेजारची मैत्रीण कुजबुजते, ‘इम्पोर्टेड असणार गं!’ इन्स्टाग्रामवर पिओनी पाहिलेली एखादी लगेच तेही नाव घेऊन मोकळी होते. पण जरा जवळ जाऊन बघा. देठावर काटे, गुलाबाचीच ती करवती पानं. म्हणजे हा आपला नेहमीचा डच गुलाब! सिग्नलवर गाडीच्या काचेवर टकटक करून विकला जाणारा, फेब्रुवारीत भाव खाणारा, सेलोफेनमध्ये गुंडाळून बॉसच्या फेअरवेलला दिला जाणारा. फरक एवढाच की इथे कुणीतरी तासन् तास बसून त्याची एकेक पाकळी हाताने उलटी केलेली असते.

फ्लोरिस्ट मंडळींच्या भाषेत याचं नाव आहे ‘रिफ्लेक्सिंग’. आमच्या वर्तकनगरात सरळ ‘गुलाब उघडणं’ म्हणतात.

वर्तकनगरला गुलाब नवीन नाही. गुरुवारी साईबाबांच्या मंदिराकडे चक्कर मारा, हारांच्या आणि सुट्या गुलाबांच्या टोपल्यांमधून वाट काढावी लागते. पण तो गुलाब वेगळा. तो देवाचा. सकाळी घेतला की संध्याकाळी त्याच्या पाकळ्या गळायला लागतात. पोखरण रोडवर नवे टॉवर आले, त्यांच्याबरोबर क्लब हाऊस आली, क्लब हाऊसबरोबर बेबी शॉवर, अॅनिव्हर्सरी आणि ‘थीम’ साखरपुडे आले. आणि त्यांच्यामागून आला हा दुसरा गुलाब. लांब देठाचा, वास जवळजवळ नसलेला आणि फोटोत दिसायलाच जन्माला आलेला.

म्हाडाच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एक काकू या दुसऱ्या गुलाबाचं काम करतात. गेल्या लग्नसराईत माझ्या मैत्रिणीच्या साखरपुड्याची फुलं त्यांच्याकडे होती आणि मदतीला हात कमी पडत होते. शनिवार-रविवार त्यांच्या बाहेरच्या खोलीत काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की या फुलांबद्दल आपण भलताच प्रश्न विचारतो. आपण विचारतो, गुलाब कसा दिला? खरं विचारायला हवं, वेळ किती गेला?

टोपी घातलेली कळी

आधी हा गुलाब येतो कुठून ते बघू. मुंबई-ठाण्यात विकल्या जाणाऱ्या डच गुलाबाचा मोठा हिस्सा येतो मावळातून. तळेगाव दाभाडे आणि आसपासच्या गावांत पॉलिहाऊसच्या पांढऱ्या रांगाच्या रांगा आहेत. तळेगावला एमआयडीसीचा फ्लोरिकल्चर पार्कही आहे. टॉप सीक्रेट, बोर्डो, ताजमहाल, गोल्ड स्ट्राइक, अॅव्हलांच अशी या जातींची नावं. ऐकताना एखाद्या कॉकटेलच्या मेन्यूसारखी वाटतात! व्हॅलेंटाइन डेला इथून गुलाब परदेशातही जातात.

आता गंमत बघा. पॉलिहाऊसमध्ये कळी मोठी व्हायला लागली की तिच्यावर जाळीची टोपी चढवतात. ‘बड कॅप’ म्हणतात तिला. टोपीमुळे कळी पसरत नाही, आतल्या आत भरत जाते आणि तिचा तो टिपिकल उभट आकार येतो. मग ती बंद असतानाच कापायची, कारण उमललेलं फूल खोक्यात घासलं की डागाळतं. कापल्यावर लगेच पाण्यात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये. २ ते ४ अंशांच्या थंडीत कळी जणू झोपी जाते. मग वीस-वीसच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीच्या डोक्याभोवती कागदाचं वेष्टण, आणि तिथून मार्केट.

आमच्याकडच्या डेकोरेटर्सना दोन मोठे पर्याय. एक, दादर पश्चिमेचं फूल मार्केट. तिथे पहाटे पोचायचं, कारण सूर्य वर आला की चांगला माल गेलेला असतो. दुसरा, कल्याणचं एपीएमसीमधलं फूल मार्केट. काकू दादरच्या. ठाण्याहून पहाटेची लोकल, येताना दोन्ही हातांत गड्ड्या आणि लेडीज डब्यातल्या फेरीवाल्या बायकांशी जुनी ओळख. मार्केटमध्ये त्या कळी हातात घेऊन खालच्या बाजूला, देठाजवळ, दोन बोटांनी अलगद दाबून बघतात. दगडासारखी कडक असेल तर ती फार लवकर कापलेली, घरी येऊन उघडणारच नाही. फार मऊ असेल तर दिवस उलटून गेलेली. किंचित दबून परत वर येणारी हवी. कळीखालची हिरवी पानं देठाकडे झुकलेली असली तर उत्तम. याचा अर्थ फूल उमलायला तयार आहे.

आधी पाणी, मग हात

मला वाटलं होतं, गड्ड्या आल्या की लगेच पाकळ्या उलटायला बसायचं. छे! शनिवारचा अख्खा दिवस नुसतं पाणी पाजण्यात गेला. प्रत्येक देठाची खालची पानं आणि काटे काढायचे. मग देठ पाण्यात बुडवून, पाण्याच्या आतच, तिरपा काप द्यायचा. बाहेर कापला तर देठातल्या बारीक नळ्यांमध्ये हवा शिरते आणि वरपर्यंत पाणी चढत नाही. मग कोमट पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत उभे करायचे. कोमट पाणी गार पाण्यापेक्षा लवकर चढतं. बादली आधी स्वच्छ घासलेली, कारण कालच्या पाण्यातले जंतू नळ्या बुजवतात.

‘तहानलेल्या फुलाला हात लावायचा नाही,’ हा काकूंचा पहिला नियम. पाणी न प्यायलेली पाकळी कागदासारखी असते, उलटली की तिला सुरकुती पडते. पाणी भरलेली पाकळी रबरासारखी वाकते. निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर.

एका गड्डीतल्या सात-आठ गुलाबांनी मात्र दुपारीच मान टाकली. डोकं खाली, देठ सरळ. मी मनातल्या मनात त्यांच्यावर फुली मारली होती. काकूंनी देठ पुन्हा कापले, डोक्यासकट सगळे वर्तमानपत्रात घट्ट सरळ गुंडाळले आणि खोल पाण्यात उभे केले. रात्री उशिरा कागद सोडला तेव्हा दोन सोडून बाकी सगळ्यांच्या माना ताठ! नळीत अडकलेली हवा निघाली, पाणी चढलं, इतकंच त्यामागचं सायन्स. पण बघताना ते जादूसारखंच वाटतं.

अंगठा नेमका कुठे?

रविवारी जेवणं उरकून दुपारी एकला आम्ही चौघीजणी चटईवर बसलो. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवलेल्या, नखं कापलेली, हात धुऊन कोरडे केलेले. फॅन बंद, कारण वाऱ्याने फुलं सुकतात. (मार्चअखेरच्या ठाण्यात बंद फॅन! ही खरी कॉस्ट.)

गुलाबाच्या सगळ्यात बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या बऱ्याचदा हिरवट, जाड आणि डागाळलेल्या असतात. या राखणदार पाकळ्या. आतल्यांचं रक्षण करणं हे त्यांचं काम आणि ते संपलेलं असतं. त्या बुडापासून आडव्या दिशेने ओढून काढायच्या. मग देठ दोन तळहातांत धरून रवी घुसळल्यासारखा हलकेच फिरवायचा. डोकं गरगरतं आणि घट्ट मिटलेल्या पाकळ्या सैल होतात. वरून हलकी फुंकर मारली की मधे हवा जाते.

आता खरं काम. डाव्या हातात फुलाचं बूड. उजव्या हाताचा अंगठा पाकळीच्या आतल्या बाजूला, अर्ध्याच्याही खाली. तर्जनी बाहेरून, बुडाशी. अंगठ्याने आतून हलकेच दाबत पाकळी बाहेरच्या बाजूला उलटी करायची. नवशिक्यांचे हात पाकळीच्या टोकाला जातात, कारण धरायला तेच सोपं. पण टोक नाजूक असतं, तिथे धरलं की चुरगळतं. पाकळी वाकते ती बुडाकडच्या जाड भागात. तिथे एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो, आवाज नाही, नुसता बोटाला. तो जाणवला की पाकळी परत मिटत नाही.

एक थर झाला की दुसरा, मग तिसरा. तिथे थांबायचं. मधला गाभा मिटलेलाच ठेवायचा. सगळ्या पाकळ्या उलटल्या तर मधले पिवळे केसर उघडे पडतात आणि फूल थकलेलं, संपत आलेलं दिसतं. ‘सगळं उघडलंस तर बघणाऱ्याला बघायला काय राहिलं?’ काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातला गुलाब काढून घेऊन त्यांनी बाजूच्या ताटात ठेवला.

उलटल्यावर फूल एवढं वेगळं का दिसतं, यालाही उत्तर आहे. गुलाबाच्या पाकळीची आतली बाजू मखमली असते. तिच्यावरच्या पेशी सूक्ष्म शंकूंसारख्या उभ्या असतात, त्यामुळे प्रकाश अडकतो आणि रंग गडद दिसतो. बाहेरची बाजू त्यामानाने सपाट आणि फिकी. मिटलेल्या कळीत आपल्याला ही फिकी बाजूच जास्त दिसत असते. पाकळी उलटली की मखमल बाहेर येते. ज्या जातींचे दोन बाजूंचे रंग वेगळे आहेत, त्या तर उलटल्यावर चक्क दुसरंच फूल वाटतात.

आजींचा सवाल

चारच्या सुमाराला मैत्रिणीची आजी ‘कुठवर आलंय’ बघायला आली. दारातच थबकली.

‘अगं, कळ्या अशा ओरबाडून कशाला उघडताय? त्यांची त्या उमलतील की!’

कुणी काही बोललं नाही. आजीचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे देवालासुद्धा कळ्या वाहू नयेत असा संकेत आहे, फूल आपणहून उमलू द्यावं. सूट फक्त कमळाला आणि चाफ्याला. आणि कमळाच्या बाबतीत आपण हेच करतो! लक्ष्मीपूजनाला आणलेल्या कमळाच्या पाकळ्या फूलवाला हाताने उघडून, दुमडून देतो. थायलंडमध्ये तर देवळात वाहायच्या कमळाच्या पाकळ्या दुमडण्याची मोठी परंपरा आहे. कळी हाताने उघडणं ही काही इन्स्टाग्रामने शोधलेली गोष्ट नाही.

तरी आजीचा प्रश्न उरतोच. फूल आपणहून उमलतं तेव्हा पाकळीत साठलेल्या स्टार्चची साखर होते, त्या साखरेमागे पाणी ओढलं जातं, पेशी फुगतात आणि आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढून पाकळी मागे वळते. याला दिवस लागतात. हाताने उलटलेली पाकळी या सगळ्याला फाटा देते. ती वळलेली दिसते, पण वाढलेली नसते. शिवाय बुडाशी पडलेल्या त्या ‘टक्’मुळे तिथल्या पेशी दुखावतात. म्हणून नीट काळजी घेतलेला डच गुलाब फुलदाणीत आठवडाभर किंवा जास्तही टिकतो आणि उघडलेला गुलाब जेमतेम एक-दोन दिवस. आपल्या उन्हाळ्यात तर एक संध्याकाळ मिळाली तरी खूप.

पण मला वाटतं, जबरदस्ती म्हणायचीच तर ती टोपी घातली तेव्हाच सुरू झाली. ही कळी पॉलिहाऊसमध्ये जाळीत बंद ठेवली, मग थंडीत झोपवली, प्रवासाला सोयीची म्हणून न उमलता कापली. तिची ‘मिटलेली’ अवस्था हीसुद्धा माणसाच्या हातचीच. एका हाताने बाजारासाठी मिटवली, दुसऱ्या हाताने समारंभासाठी उघडली. प्रश्न उघडावं की नाही हा नाही. कोणत्या फुलाला किती आयुष्य द्यायचं, हा आहे.

आणि काकूंनी तो कधीच सोडवलेला होता. एकूण आठ गड्ड्या, म्हणजे १६० गुलाब. ते दोन सोडले तर १५८. त्यातले १२०च उघडायचे, स्टेज आणि एन्ट्रीसाठी. उरलेले ३८ बादलीतच. ‘आजी, हे तुमचे. घरी न्या, एकेक करून उमलतील. पाहुणे गेल्यावर घर एकदम रिकामं वाटतं ना!’ आजीने चष्मा काढून पुसला आणि चटईच्या कडेला बसून राखणदार पाकळ्या गोळा करायला लागली. गुलकंद होईल का, हा तिचा पुढचा प्रश्न. (नाही! मार्केटच्या डच गुलाबावर औषधं फवारलेली असतात. खाण्याचा गुलाब वेगळा.)

दोन मिनिटांचा हिशोब

आता गणित. साधारण चार-पाच सेंटीमीटरची कळी उघडल्यावर नऊ-दहा सेंटीमीटर होते. रुंदी दुप्पट म्हणजे तिने व्यापलेली जागा चौपट. फुलं एकमेकांवर थोडी चढवून लावावी लागतात, तरी कळ्यांच्या निम्म्याहून कमी उघडलेल्या गुलाबांत तेवढंच पॅनल भरतं. बजेट कमी असलेल्या क्लायंटसाठी हा भन्नाट फंडा आहे. पिओनीला हिवाळ्यात कडक थंडी लागते, ती आपल्या हवेत होणार नाही आणि परदेशातून आणायची तर खिसा फाटणार. डेव्हिड ऑस्टिन या इंग्लिश गृहस्थांनी घडवलेले भरगच्च गार्डन रोझेसही असेच महाग. त्यांचा ‘ज्युलिएट’ हा जर्दाळू रंगाचा गुलाब २००६ मध्ये चेल्सीच्या फ्लॉवर शोमध्ये झळकला आणि वाटीसारख्या, थरांच्या गुलाबाची क्रेझ जगभर पसरली. ऑस्टिन २०१८ मध्ये गेले, पण जगभरचे डेकोरेटर्स अजून त्यांचाच आकार मागतायत. तो आकार वर्तकनगरात तळेगावच्या गुलाबातून निघतो. फक्त हात लागतात.

आणि नेमकी तिथेच मेख आहे. सरावलेल्या हाताला एका गुलाबाला दोन मिनिटं लागतात. १२० गुलाब म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे सलग चार तास. आम्ही चौघी होतो म्हणून एका तासात व्हायला हवं होतं, झालं तीन तासांत, कारण तिघींचे हात सरावलेले नव्हते. शिवाय हे आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही. संध्याकाळी सातचा समारंभ असेल तर काम दुपारीच. म्हणजे फुलं निम्मी झाली, पण कामाचे तास वाढले.

बिलात मात्र गुलाबाची संख्या दिसते, तास दिसत नाहीत. काकूंच्या पाठीमागे एक जुनी वही असते, तिच्यात प्रत्येक ऑर्डरची फुलं लिहिलेली. एका क्लायंटने मागे म्हणे ‘इतकीच फुलं लावली मग एवढे पैसे कसले?’ म्हणून बिलातून रक्कम कापली होती. फुलं कमी लागली, कारण त्यांनी ती उघडली होती. चांगलं काम केलं म्हणून पैसे कमी! आपण ऑफिसात ‘मॅन-अवर्स’चे तक्ते भरणारी माणसं, प्रोजेक्टच्या एकेका तासाचं बिल लावणारी. चटईवरच्या तासाला मात्र आपल्या तक्त्यात रकानाच नाही.

त्या साखरपुड्याच्या बिलात मात्र पहिल्यांदाच वेगळी ओळ आली. ‘गुलाब उघडणे, १२० नग.’ मैत्रिणीनेच आग्रहाने लिहायला लावली. काकूंनी आधी ‘असू दे गं’ केलं. मग ओळीखाली आकडा लिहिला, खोडला आणि थोडा वाढवून पुन्हा लिहिला.

पुढच्या वेळी तुमच्या घरचं कार्य असेल तर डेकोरेटरला एवढंच विचारा, की यातले किती गुलाब उघडणार आणि त्याचे तास धरलेत का. ते धरलेले असतील तर घासाघीस करू नका. आणि दुसऱ्या दिवशी ती फुलं मलूल झाली म्हणून तक्रारही नको. त्यांनी तुमची संध्याकाळ गाजवली, तेवढंच त्यांना सांगितलं होतं.

घरी ट्राय करायचंय?

• एकच गड्डी आणा, वीस गुलाब पुरे. त्यातले पाच-सहा सरावाला जातात, हे धरूनच चाला.

• सुरुवात फिक्या गुलाबी किंवा पीच रंगाने करा. पांढऱ्यावर प्रत्येक बोटाचा तपकिरी डाग उठतो, गडद लालवर काळा.

• फ्रिजमधून काढलेल्या फुलाला लगेच हात लावू नका. थंड पाकळी कडक असते, तडकते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

• पाण्यात नुसती साखर घालू नका. साखर फुलाला लागते तशी जंतूंनाही आवडते. फूलवाल्याकडे फुलांच्या खाद्याची पुडी मिळते, तिच्यात साखरेबरोबर पाणी आम्लधर्मी ठेवणारा आणि जंतू रोखणारा घटकही असतो.

• उघडलेल्या फुलावर पाण्याचे फवारे नकोत. पाकळ्यांच्या खाचेत पाणी साचलं की बुरशीचे करडे डाग येतात. पाणी देठाला द्या.

• पूजेचा गावठी गुलाब उघडायच्या फंदात पडू नका. त्याची पाकळी पातळ, हातातच गळते. तो वासासाठी घ्यायचा.

• कार्यक्रमाच्या चार-पाच तास आधी सुरू करा, त्याहून आधी नको. आणि गड्डीतल्या चार कळ्या न उघडता बाजूला ठेवा. सोमवारी ऑफिसातून दमून घरी याल तेव्हा त्या नुकत्या उमलायला लागलेल्या असतील.